रविवारी नक्की

नॉर्डबी, मिनेसोटा
२८ डिसेंबर २०१८

प्रिय आर्डिस,

तुझं कार्ड आणि मोज्यांचं पुडकं नाताळच्या आधीच पोचलं. उत्तराला उशीर झाला, मनाला लावून घेऊ नकोस. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं हे वाचून बरं वाटलं. कार्डावरचं अक्षर बघूनच कळलं म्हणा. गेल्या वर्षी तुझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. तरी मी मोठ्या अक्षरात लिहितेय. तुझे डोळे अजून नवे आहेत.

एक विनंती आहे. हे पत्र वरून वाचायला घे आणि क्रमाने वाच. आधी शेवट बघू नकोस.

इथे मरणाची थंडी आहे. तळं पार गोठलंय. माणसं बर्फावर झोपड्या ओढून नेऊन आत गळ टाकून बसली आहेत. गाडीचं इंजिन गरम राहावं म्हणून त्याला रात्रभर वीज लावून ठेवली नाही तर सकाळी ती हूं की चूं करत नाही. नाताळला मी चर्चमध्ये गेले, जेवणाला मात्र थांबले नाही. गेलने घरी सोडलं. गेल म्हणजे शाळेत कॉम्प्युटर शिकवायची ती. आता निवृत्त झाली आहे आणि माझ्या पाककृतींच्या ब्लॉगची सगळी यंत्रणा तीच बघते.

मोजे सुरेख झालेत. माझे लाल, आणि ते राखाडी. या वेळी राखाडीची टाच तू दुहेरी विणलीस, ते हाताला लगेच लागलं. इतक्या वर्षांत तू पाकिटावर कधी ऑर्लिनचं नाव घातलं नाहीस, आणि त्यानेही कधी ‘आर्डिसचे मोजे’ म्हटलं नाही. ‘ते राखाडी कुठे आहेत?’ एवढंच विचारायचा. बहीणभावांचं तेवढंच बोलणं उरलं होतं, तेही माझ्या कपाटातून.

आणि या वर्षी तू पाकिटावर त्याचं नाव लिहिलंस. आत लिहिलंस, ‘ऑर्लिनला म्हणावं, आईचं झालं ते झालं. मी विसरले. आता त्याने मला फोन करावा.’

त्याबद्दलच लिहायचं आहे. पण बघ, मला ही खोडच लागली आहे, मुद्द्यावर यायच्या आधी चार परिच्छेद घालायची. अकरा वर्षं मला त्याचेच पैसे मिळाले.

ब्लॉगचं तुला कौतुक होतं, पण त्यातून पैसे कसे येतात ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. कृतीचे पैसे येत नाहीत. खजुराच्या बारांची कृती किती असते? पीठ, लोणी, खजूर, ट्रेमध्ये थापा, भाजा, चौकोन कापा. संपलं. जाहिराती बसतात त्या वरच्या मजकुरात, दोन परिच्छेदांच्या मधे मधे. वाचणारा जितका वेळ खाली सरकत राहील तितके पैसे. म्हणून प्रत्येक कृतीच्या डोक्यावर एक गोष्ट हवी. धान्याच्या कोठाराच्या शिडीवरून पडून ऑर्लिनची पाठ गेली, कंपनीने निरोपाचा केक कापून त्याला घरी बसवला, तेव्हापासून घराचा हप्ता आणि त्याच्या औषधांचा विमा त्या गोष्टींतून भागला. आणि मी गोष्टी कुणाच्या सांगणार? घरात एकच माणूस होता.

सकाळी कॉफी घेताना तो विचारायचा, “आज मी काय केलं?”

“आज तू लहानपणी गोठ्यात कोंडला गेलास.”

“परत?”

“या वेळी बर्फ पडत होता.”

“मग निदान एक मफलर तरी घाल मला.”

गावात कुणी विचारलं की म्हणायचा, बायको मला विकून घर चालवते, आणि भावही बरा येतो. रागाने नाही म्हणायचा. दुकानात एखादी अनोळखी बाई ‘तुम्हीच का ते ऑर्लिन?’ म्हणाली की घरी येऊन दिवसभर खूश असायचा. तूही असायचीस त्या गोष्टींमध्ये. त्याला पाठुंगळी घेऊन बर्फातून शाळेत नेणारी मोठी बहीण. लोकांना तू फार आवडायचीस. आणि तू एका कार्डात लिहिलं होतंस, ‘दर गुरुवारी ग्रंथालयात जाऊन तुझं पान उघडते. खालची कृती मला येतेच, मी वरचं वाचते. तेवढंच तुमच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं.’ ते कार्ड मी त्याला वाचून दाखवलं होतं. पुढच्या वेळी गोष्ट सांगताना तो म्हणाला, “तिथे घाल की आर्डिसचे बूट फाटके होते आणि माझे नवे. तिला कळू दे मला आठवतंय.”

गेल्या वसंतात लोक फार बोलायला लागले. ‘बाई, नवऱ्याचं पुराण पुरे, ओव्हन किती तापवायचा ते सांगा.’ असलं रोज. मला वाईट वाटायचं. गेल म्हणाली, “अगं, चिडून पान बंद करून जातात, त्यापेक्षा उडी मारू दे त्यांना.” मग तिने वर एक बटण बसवलं, ‘थेट कृतीकडे’. शेजारी छापायचं दुसरं. त्यातून फक्त कृती छापली जाते, वरचं एक अक्षर येत नाही. मला वाटलं होतं कमाई पडेल. उलट वाढली. चिडलेले सगळे परत आले आणि येताना आणखी लोक घेऊन आले. मी खूश होऊन गेलला केक करून दिला.

आता ऑक्टोबरचं सांगते.

ऑर्लिनला कावीळ झाली असं आम्हाला वाटलं. कावीळ नव्हती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई त्याच्या पलंगावर बसून बोलल्या, तेव्हाच मला कळलं. महिन्यांची नाही, आठवड्यांची गोष्ट आहे म्हणाल्या. त्या गेल्यावर ऑर्लिन म्हणाला, “आर्डिसला फोन करू नकोस.”

“मी कुठे म्हटलं करते म्हणून?”

“तुझ्या तोंडावर दिसतंय. फोनवर ती नाही म्हणाली तर मला ते कळेल. मला नाही कळून घ्यायचं.”

“मग पत्र लिहू?”

“पत्राला ती उत्तर लिहील. तेही वाचावं लागेल.”

“मग काय कबूतर सोडू?”

तो हसला. हसताना दुखायचं त्याला. मग म्हणाला, “पण तिला कळायला हवं, मार्लिस. आईच्या वेळी मी उशिरा कळवलं. ती आली तेव्हा पलंग आवरून झाला होता. ते ती का विसरेल? तुझ्या त्या पानावर घाल. माझ्या चड्ड्यासुद्धा तिथे वाळत घातल्यास, हेही घाल. वाचेल आणि यायचं तर येईल. नाही यायचं तर म्हणता येईल तिला, वाचलंच नाही.”

तुला पळवाट राहावी म्हणून, आर्डिस. तुझ्यासाठी त्याने एक दार उघडं ठेवलं होतं.

मी घरी येऊन लिहिलं. त्या आठवड्यात खजुराच्या बारांची पाळी होती, त्याच्याच वर लिहिलं. आईच्या वेळेचं लिहिलं, फाटक्या बुटांचं लिहिलं, डॉक्टरीणबाईंचं लिहिलं. आणि शेवटी सरळ लिहिलं: आर्डिस, ऑर्लिन हॉस्पिटलमध्ये आहे. फार दिवस नाहीत. त्याला तुला बघायचंय, तोंडाने म्हणणार नाही. ये. मधे यंत्राने आपोआप सपातांची जाहिरात बसवली. मी काढायला गेले तर निघेना.

गुरुवारी पानाखालच्या अभिप्रायांत तुझ्या नावागावासकट एक ओळ आली. ‘रविवारी नक्की. आर्डिस, माइनॉट.’

मी धावत हॉस्पिटलमध्ये गेले. त्याने ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, “नक्की म्हणाली?”

“नक्की म्हणाली.”

“ती बोलते तसंच आहे. दोन शब्दांत.”

रविवारी सकाळी त्याने दाढी करून घेतली. नर्स म्हणाली, आज कोण येणार आहे, राज्यपाल? तो म्हणाला, “त्याहून कडक बाई आहे.” पाय गार पडले होते त्याचे. “ते राखाडी आण,” म्हणाला, “आणि पांघरूण पायावर घालू नकोस, दिसू देत.” पलंग उंच करून घेतला. लिफ्टचा आवाज आला की मान वळवायचा. दुपारी म्हणाला, रस्त्यावर बर्फ असेल. बर्फ नव्हता, लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, हो, असेल. संध्याकाळी त्याने स्वतःच पलंग खाली करायला सांगितला. म्हणाला, “तिचं बरोबर आहे. मीही तिला उशीरच केला होता.”

सोमवारी तो फारसा बोलला नाही. मंगळवारी पहाटे गेला.

तो फोन करणार नाही, आर्डिस. कधीच नाही.

मी तुला कळवलं नाही कारण मला तुझा संताप आला होता. इतका की मला झोप लागायची नाही. नक्की म्हणून लिहायचं आणि यायचं नाही, मरणाऱ्या माणसाशी असं कोण वागतं? मी गेलला म्हटलं, तिला सांगायची गरज नाही, तिला सगळं माहीत आहे. दोन महिने मी हेच धरून बसले. मला धरायला दुसरं काही नव्हतंच.

आणि मग तुझं कार्ड आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. ‘तुझे ते खजुराचे बार चर्चमध्ये नेले होते, एक तुकडा उरला नाही. तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, ग्रंथालयातल्या बाईने नुसती कृती मोठ्या अक्षरात छापून दिली. तुझी गोष्ट राहिलीच या वेळी. तिला म्हटलं, मार्लिसला दोन शब्द कळव, रविवारी नक्की करते म्हणून.’

तुझा काही दोष नाही. मला हे तुला सांगायलाच हवं. त्या बाईचा दोष नाही, गेलचा नाही. ते बटण मी पैसे वाढावेत म्हणून बसवलं आणि पैसे वाढले. ऑर्लिन गेला तो तू आली नाहीस असं समजून गेला, आणि आता त्याला खरं सांगायची सोय नाही. मी रोज सकाळी उठून हेच घोळवते. कुठून सुरू केलं तरी तिथेच येऊन थांबते.

ते पान या वर्षी सगळ्यांत जास्त चाललं. नाताळात खजुराचे बार सगळ्यांनाच हवे असतात. मी खाली काय काय आलंय ते वाचलं. खजुराऐवजी मनुका चालतील का? बाजारातलं खारं लोणी घेतलं तर मीठ वगळायचं का? एकीने लिहिलं, ‘पाच तारे. ऑर्लिनला आमचा नमस्कार सांगा.’ वरचं कुणीही वाचलं नव्हतं. एकानेही नाही. त्याच्या थडग्यावरचा दगड त्याच पानाच्या पैशांतून आला. चांगला ग्रॅनाइटचा आहे.

गेल म्हणते, लोकांना सांगून टाक तो गेला म्हणून. मी म्हटलं, सांगितलंच आहे की. पिठाच्या कंपनीला जाहिरातीसाठी जानेवारीत दालचिनीच्या रोलची कृती हवी आहे, आणि ‘ऑर्लिनला आवडले’ असं एक वाक्य हवं आहे. त्या वाक्यासाठीच ते मला पैसे देतात. मी लिहून दिलं. ‘ऑर्लिनने दोन खाल्ले आणि तिसऱ्याकडे बघत होता.’ विमा, हप्ता, हॉस्पिटलचं बिल, माझ्याकडे दुसरं काही नाही, आर्डिस. तो पानावर अजून खातोय. घरी मी एकटीपुरतं सूप गरम करते आणि बऱ्याचदा तेही ओतून देते.

अंत्यविधीचं करणाऱ्या माणसाने कपडे मागितले तेव्हा म्हणाला, पायांचं राहू द्या, पेटीत पाय दिसत नाहीत. मी तुझ्यावर धुमसत होते तेव्हा. तरी गेल्या वर्षीचे तुझे राखाडी मोजे मीच त्याच्या पायात घातले, कारण ते त्याने स्वतः मागितले होते. तेव्हा तुझं काहीतरी त्याच्याबरोबर गेलं आहे, एवढं तुला माहीत असू दे.

या वर्षीचे इथे टेबलावर आहेत. परत पाठवावेत असं वाटलं, पण पुडकं बांधवेना. मला मोठे होतात.

बर्फ वितळल्यावर तुला यावंसं वाटलं तर ये. मी तुला तिथे घेऊन जाईन. आणि नाही यावंसं वाटलं तर म्हण, पत्र मिळालंच नाही. मी विचारणार नाही.

तुझ्या भावाची,
मार्लिस