डावीकडचे तीन काटे

प्रिय ठमे,

तू पाठवलेल्या नळीचं पार्सल परवा मिळालं. बाबा झोपले होते, म्हणून सही मीच केली, आणि बरं झालं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घरात फोन म्हणजे दवंडी. तू तिकडून बोललीस की बाबा दुसऱ्या खोलीतून उत्तर देतात. म्हणून पत्र. शिवणाच्या मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

गेल्या महिन्यात तू गाडीचा डॅशबोर्ड खोललास, तेव्हा मी काही ना काही निमित्त काढून चार वेळा गॅरेजात डोकावले. कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आठवडाभर कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे आणि सुट्टीतही तेच, अगदी बापावर गेली आहेस. पण जरा लागलंही होतं. ते तीन काटे एकतीस वर्षं माझ्यासमोर होते गं.

ही गाडी घरी आली तेव्हाच जुनी होती. सीटा दोन आणि आवाज दहा माणसांचा. जावयाने पांढरा हत्ती दारात बांधला म्हणून तुझ्या आजीने कपाळाला हात लावला होता. पहिल्याच फेरीत मी बाबांना विचारलं, की मी काय नुसती पोत्यासारखी बसायला आले आहे का? पुढच्या रविवारी बघते तर तेलाचा दाब, पाण्याचं तापमान आणि बॅटरी असे तिन्ही काटे डावीकडे, माझ्या गुडघ्यांच्या वर, नव्या पत्र्यात नीट बसवलेले. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही, त्यांना हे जमलं. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी ते विचारणार, तेल? मी सांगणार, चाळीस. एकदा घाटात मी दहा म्हणून ओरडले. उतरून बघतो तर सगळं तेल रस्त्यावर. त्या दिवसापासून माझा भाव वधारला तो वधारलाच.

तू म्हणालीस, काटे चालवणाऱ्याच्या समोरच हवेत, आईचं लक्ष इकडेतिकडे गेलं तर इंजिनाची वाट लागेल. बरोबर होतं तुझं. बाबांनीही मान डोलावली. एरवी एक स्क्रू बदलायचा तर तुम्हा दोघांचा तासभर वाद चालतो, आणि त्या दिवशी ते चकार शब्द बोलले नाहीत. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

आता माझी चूक सांगते. निघताना तू मला बजावलं होतंस, की तेलाची नळी आखूड पडली आहे, तिचं तोंड बंद केलं आहे, लांब नळी पाठवते, तोवर तेलाचा काटा शून्यावरच राहील, बाबांना सांग म्हणजे घाबरणार नाहीत. मी हो हो म्हटलं आणि तुझी पाठ वळल्यावर पार विसरले.

त्यानंतर तीन रविवार आम्ही फिरलो. सवय कुठे जाते? आता मी विचारायचे, तेल? ते ऐटीत म्हणायचे, चाळीस. पाणी? ऐंशी. मधे त्यांचा हात आणि स्टिअरिंग, मला काही दिसत नव्हतं. मी हाताची घडी घालून बसायचे आणि मनात म्हणायचे, घ्या, आपली नोकरी गेली.

परवा पार्सलमधली तुझी चिठ्ठी वाचली आणि मी गॅरेजातल्या स्टुलावर बसलेच. काटा जोडलेलाच नाही, मग चाळीस आलं कुठून?

मग एकेक आठवत गेलं. गेल्या वर्षी कंटाळा आला म्हणून त्यांनी दुकान बंद केलं. चाळीस वर्षं घड्याळांच्या पोटात डोकं घालून बसलेला माणूस, त्याला कंटाळा! वर्तमानपत्र माझ्याकडून वाचून घेतात, तुझा आवाज छान आहे म्हणतात. आणि मी बावळट, या वयात स्तुती म्हणून खूश. त्यांच्या कोटाचे खिसे मी कधी तपासले नव्हते, परवा तपासले. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद निघाला, आठ महिन्यांपूर्वीचा. नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेचं दिसतं, मधलं जात राहणार, चष्म्याचा उपयोग नाही. खाली दोन रेघा मारून लिहिलं आहे, गाडी चालवू नये.

मला आधी राग आला. माझं सोड, रस्त्यावरच्या एखाद्या लेकराचं काय झालं असतं? मग रडू आलं. एकटे गेले, एकटे ऐकून आले आणि घरी येऊन गुपचूप जेवले असतील. काटे मी वाचत होते तोवर त्यांचं निभत होतं. तू ते हलवायला निघालीस, तर नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. तू मात्र मनाला लावून घेऊ नकोस. तू हात घातला नसतास तर मला हे कळलं असतं ते कुठल्यातरी अपघातानंतरच.

गाडीची किल्ली मी शिवणाच्या डब्यात लपवली आहे. दोन दिवस ते घरभर शोधताहेत आणि मीही त्यांच्याबरोबर वाकून कपाटाखाली शोधते आहे. इतका खोटेपणा मी उभ्या संसारात केला नाही. काल दमून पलंगावर बसले आणि म्हणाले, "नाही सापडली तरी चालेल गं." मी नुसती शेजारी बसले.

आता हे सगळं तुला का लिहिते आहे ते ऐक. तो कागद त्यांच्यासमोर ठेवला तर ते ऐकतील, पण मान खाली घालतील, आणि ते मला बघवणार नाही. म्हणून तू शनिवारी ये. नळी जोड, आणि त्यांच्या देखत सांग, की काटे उजवीकडे घेतले ते आईसाठी. "पहिल्यापासून माझा तोच बेत होता," असं म्हण. लायसन्स माझ्याकडे आहे, शिवणाच्या ऑर्डरी पोचवायला मी वीस वर्षं व्हॅन चालवली आहे. पण या गाडीचं चाक मी कधी मागितलं नाही आणि त्यांनी कधी देऊ केलं नाही. शनिवारी मी ते मागणार आहे, तुझ्यासमोर, लहान मुलीसारखा हट्ट धरून. ते म्हणतील, क्लच जाळशील. म्हणू देत. डोळ्यांनी गाडी सोडायला लावली असं त्यांना वाटायला नको, बायकोने हट्टाने घेतली असं वाटू दे. बापासाठी एवढं एक खोटं बोलशील ना?

तुझीच,
जिच्या पोटात आजवर एक गोष्ट राहिली नाही ती आई