चौदावा पत्रा

हॅलवर्ड, आयोवा
१२ ऑक्टोबर

प्रिय डेल्बर्ट,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा बरा असावा आणि कोंबड्याही सुखरूप असाव्यात. माझं ठीक चाललं आहे. तुझी बहीण आर्डिस जाऊन आठ महिने झाले. कॉफी अजून दोघांची होते (उरलेली मी दुपारी पितो).

पत्राचं कारण म्हणजे दुकान. हार्डवेअरचा धंदा बंद पडल्यापासून इमारत रिकामी आहे आणि पेट्रोल पंपवाला ती पाडायला टपला आहे. पण जुनी ऐतिहासिक इमारत मूळ रूप जपून दुरुस्त केली, की शंभर डॉलर खर्चामागे वीस डॉलर सरकार करातून सोडतं. राज्याची सूट वेगळी. ती मिळाली तरच बँक कर्ज देणार. मग वर चार बिऱ्हाडं, खाली जोलीनची बेकरी, आणि खिडक्यांच्या कामावर हार्लन सुताराची तीन माणसं वर्षभर. त्या रस्त्यावर पुन्हा दिवे दिसतील. आर्डिसला तेवढंच हवं होतं.

ते चौदा मोरपंखी पत्रे तुला आठवत असतीलच. आर्डिसने ते एकाहत्तरात दर्शनी विटांवर ठोकून घेतले आणि आपण दोघं जन्मभर हसलो (तिच्या पाठीमागे, समोर हसायची तुझीही छाती नव्हती). सूट द्यायच्या आधी पाहणी होणार, तर खरा इतिहास उघडा करावा म्हणून मी सकाळीच शिडी लावली. तिसरा पत्रा उचकटत होतो, तेवढ्यात पाहणीला आलेल्या थॉर्सनबाई खालून ओरडल्या, "अहो आजोबा, हात लावू नका! पन्नास वर्षं उलटली त्याला. आता हाच इतिहास!"

मी म्हटलं, "बाई, हे कुरूप आहे हो."

"असू द्या. सूट इमारतीला आहे, तुमच्या आवडीला नाही."

मला हसू आलं, मग बराच वेळ शिडी उतरता येईना. संध्याकाळी त्या पत्र्यांचा रंग समोरच्या भिंतीवर पडायचा आणि आर्डिस दारात उभी राहून बघायची. मी कधी तिच्या शेजारी उभा राहिलो नाही.

तिन्ही पत्रे परत बसवले. बाईंनी मोजले, तर तेरा, आणि एका पत्र्याची जागा रिकामी. "चौदावा आणा, मग अर्ज पुढे पाठवते." मी त्यांना आर्डिसला सांगितलं होतं तेच सांगितलं, की अठ्ठ्याहत्तरच्या वादळात उडाला.

तुझा,
मर्ल

ता. क. ते वादळ आपण दोघांनीच तुझ्या ट्रकमधून नेलं होतं. खुराड्याचं छप्पर शनिवारपर्यंत उतरवून ठेव. बदली पत्रा मी आणतो.

आणखी एक. आर्डिसच्या खणात तुझ्या खुराड्याचा, त्या छपरासकट, फोटो सापडला. मागे तिच्या अक्षरात लिहिलं आहे, "१९७९. आमच्यात निदान कोंबड्यांना तरी सुंदर काय ते कळतं."