अण्णांच्या बुटांच्या जागी

अण्णा,

बूट शोधू नका, मी घातलेत. शिवाजी पार्कला चालायला गेलोय. तुम्ही आज चपलांवर या. कट्ट्यावर तुमच्या नेहमीच्या जागी थांबतो.

ऑफिसात सगळ्यांची रक्ततपासणी झाली. माझं एलडीएल, म्हणजे तुमचं ते वाईट कोलेस्टेरॉल, एकशे ब्याण्णव आलंय आणि एचडीएल, म्हणजे चांगलं, जेमतेम चौतीस. आठ दिवस रिपोर्ट बॅगेत घेऊन फिरतोय. वल्लरी बायको असून तिलाही अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका, संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो की मीच सांगेन.

तुमचं ते पोस्टातलं उदाहरण ऐकून मला जेवताना कंटाळा यायचा. वाईट कोलेस्टेरॉल जिन्यातच, म्हणजे रक्तवाहिनीत, पार्सलं टाकून रस्ता अडवतं, चांगलं ती उचलून परत ऑफिसात, म्हणजे लिव्हरकडे, नेतं. बारीक माणसाचाही जिना तुंबतो, असं तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, तेव्हा मी हसून तिसरा वडा घेतला होता.

काल तुमची फाइल काढून पाहिली. सात वर्षांचे रिपोर्ट, वाईट आकड्याखाली लाल पेन्सिल, चांगल्याखाली निळी. लाल आकडा दरवर्षी उतरलाय. गोळी एक दिवस चुकली नाही, पावसातही चालणं थांबलं नाही. हे तुम्ही रोज आमच्या डोळ्यांसमोर करत होतात आणि आम्ही त्याला म्हातारपणाचा हट्ट म्हणत होतो.

माझा रिपोर्ट त्याच फाइलीत सगळ्यात वर लावलाय. लाल पेन्सिल तुम्हीच फिरवा.

देवदत्त