झोक्यावरच्या साड्या

गोडादरा, सुरत

प्रिय शीतल,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरशील, म्हणून आधीच लिहिते, इथे सगळे बरे आहेत. गोडादऱ्याहून तुझ्या सासरी चलथाणला रिक्षाने पाऊण तास लागत नाही आणि आई पत्र काय लिहिते, असं तुझे ललितराव म्हणतील. म्हणू देत. फोनवर मी काय करते ते तुला माहीत आहे. तो स्पीकरवर टाकते, बाजूला ठेवते आणि हात साडीवर खडे चिकटवत राहतात. पत्राला हात मोकळा लागतो. हा तिसरा कागद आहे, पहिल्या दोन्हींवर डिंकाची बोटं उमटली.

परवा ललितरावांचा फोन आला. पहिलं बाळंतपण असलं तरी तू माहेरी येणार नाहीस, चलथाणलाच राहणार, दवाखाना तिथून जवळ पडतो, असं म्हणाले. मी बरं म्हटलं. दवाखाना इथूनही जवळ आहे, हे मी बोलले नाही आणि त्यांनाही ते माहीत असणार. फोन ठेवल्यावर तासभर एका साडीवर बसले होते, तरी एक फूल पुरं झालं नाही.

तेव्हापासून मला अक्षय्य तृतीयेची आपली आखाजी आठवते आहे. माझं लग्न झालं त्या वर्षापासून माझी आई सासरी निरोप पाठवायची की आखाजीला पोरीला पाठवा, चार दिवस तिला पाठ टेकू द्या. गावात निंबाला झोके बांधायचे. चार दिवस मी भांड्याला हात लावायचे नाही. उन्हं डोक्यावर आली तरी आई उठवायची नाही, शेजारणींनाही हळू बोला म्हणायची. इथे निंब नाही, तरी तू लहान असल्यापासून जिन्याच्या लोखंडी गर्डरला दरवर्षी मी झोका बांधलाच. यंदाही बांधला होता. तू यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी, तुझ्या दादांनी, दोरी बदलून घेतली.

आणि मग मार्केटातून घरोघर काम वाटणारे शालिग्रामभाऊ साड्यांचं पोटलं घेऊन आले. लग्नसराईचा माल, रंजनाबेन, काले ज जोइए, उद्याच हवा, म्हणाले. मी ठेवा म्हटलं. नाही म्हटलं असतं तर ते पोटलं समोरच्या घरात गेलं असतं, एवढंच झालं असतं. आज हे लिहिताना किती सोपं वाटतं.

तू आलीस तेव्हा तुझं तोंड उतरलेलं होतं. मार्केटात दिवसभर उभं राहून पॅकिंग करतेस, थकली असशील, एवढंच मनात आलं. पिशवी ठेवलीस आणि म्हणालीस, माय, जरा पडू दे. मी हसत म्हटलं, पडा महाराणी, पण आधी या चार साड्यांना हात लावा, तुझा हात चालतो भराभर. तू साडी ओढून बसलीस. शेजारच्या सुंदरामावशी जिन्यावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, आखाजीले पोर उनी का कारागीर उनी वं? जिन्यावरच्या सगळ्याजणी हसल्या, लेक आली की कामगार आली म्हणत. मीही हसले. तू हसलीस की नाही ते मी पाहिलं नाही, माझी नजर खड्यांवर होती.

डिंक वाळवायला जागा नव्हती, म्हणून झालेल्या साड्या मी झोक्यावर टाकल्या. एकावर एक, अकरा साड्या. तू दोन दिवस होतीस आणि दोन्ही दिवस झोक्यावर साड्याच बसल्या. दोनदा तू म्हणालीस, माय, थोडी थांब ना. दोन्ही वेळा मी म्हटलं, बोल की, कान तर मोकळेच आहेत. चार दिवसांसाठी आलेली तू तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरलीस. मांडे बांधून दिले, ते मात्र घेतलेस.

काम सोडलं असं खोटं लिहिणार नाही. पण महिना झाला, जेवण झालं की मी झोक्यावर नुसती बसते. आखाजी सरली तरी तो सोडला नाही. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत उठले. दुसऱ्या दिवशी पदराचे धागे काढत बसले. तुझे दादा विचारतात, बरं नाही का वाटत? लूमच्या आवाजात आयुष्य गेलेला माणूस, मी गप्प बसले ते मात्र त्यांना लगेच ऐकू आलं. आता अर्धा तास जमतं. हातांना अजून कळत नाही कुठे जायचं, मग मांडीवर ठेवते.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी विहीणबाईंनी फोनवर सांगितलं की तुला दिवस गेलेत, तिसरा लागला. अभिनंदन करून मी फोन ठेवला आणि बोटांवर मोजलं. तेव्हा कळलं, आखाजीला तू काय सांगायला आली होतीस. कानांनी ऐकायची ती गोष्ट नव्हती, आईने हातातलं ठेवून तोंडाकडे बघावं अशी होती. चार महिने मी हे फोनवर बोलू शकले नाही, म्हणून हे पत्र. बाळंतपण कुठे करायचं ते तूच ठरव, मी हट्ट धरत नाही. फक्त नवरात्राआधी एक दुपार ये. झोका रिकामा आहे. हवं तेवढं झोप, मी उठवणार नाही. आणि उठलीस की मला ते सांग, मला काहीच माहीत नाही असं धरून, पहिल्यांदा.

तुझीच,
आई