खुंटीवरची पगडी

स्वारीस,

कसब्यातल्या सगुणावहिनींना कळा सुरू झाल्या, म्हणून पहाटेच निघाले. आपल्याला उठवलं नाही. ताक शिंक्यात आहे, भाकरी झाकून ठेवल्यात.

चिमी उठली की आजही आपल्याला ‘पाहुणे’ म्हणेल. रागावू नका. आपण उत्तरेच्या मोहिमेवर गेलात तेव्हा ती पाळण्यात होती. रोज दिवेलागणीला मी तिला खुंटीवरची आपली जुनी पगडी दाखवते आणि ‘हे तुझे बाबा’ म्हणते. खोडी केली की ती पगडीपुढे कान धरते. बाबांना पाय का नाहीत, असंही विचारते.

‘दोन वर्षं घरात बसून केलंस काय?’ असं काल आपण विचारलंत. हेच केलं.

ती उठायच्या आत ती पगडी घाला आणि ओसरीवर पाय सोडून बसा.