बाबांच्या बारीत टिंग

बुधवार, नायगाव

माझा मित्र सुनील म्हणतो, कॉम्प्युटरवर साउंड सर्व्हरशिवाय लिनक्स चालवणं म्हणजे उगाच डोकेफोड. असेल. मी तो सर्व्हर काढून टाकला.

रविवारी बाबांना त्यांच्याच डबलबारीची, दोन बुवांच्या भजनी सामन्याची, जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून ऐकवली. बाबा भजनातले बुवा, पण घशाच्या ऑपरेशनपासून गाणं बंद. तो आवाज आता एवढाच उरलाय. गजर चढला, बाबांचा हात मांडीवर ठेका धरू लागला, आणि मधेच टिंग! कुणाचा तरी फालतू मेल. हात थांबला. बसक्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्याची बारी चालू असताना मधी वाजवूचा नसता, माहीत नाय तुका?"

त्या टिंगला आत कोण घेतं? सर्व्हरच. सगळ्यांचे आवाज एकत्र कालवून स्पीकरला देतो. सुनील म्हणाला, नोटिफिकेशन बंद कर ना, झालं. का म्हणून? आज एक बंद करू, उद्या दुसरं टिंग करेल.

आज प्लेअर थेट साउंड कार्डाला जोडला. आधी आवाज भलत्याच कार्डाकडे जात होता, बराच वेळ नुसती शांतता. मग सेटिंगच्या फाइलीत कार्डाचं नाव नीट लिहिलं, बाबांना शेजारी बसवलं आणि पखवाज असा घुमला! आता कार्ड ज्याच्या हातात, तोच वाजणार. बाकीच्यांनी थांबायचं, डबलबारीत समोरचे बुवा थांबतात तसं.

आत्ता फोनवर सुनीलचा मेसेज आला. "कॉम्प्युटरवर कधीचा कॉल करतोय. रिंग वाजत नाही ना? सांगितलं होतं!"

बाबांचा हात मांडीवर चालूच होता. मी लिहिलं, "बुवांची बारी आहे. तू थांब."