पडद्यावर तुझं नाव

प्रिय दादा,

पडद्यावर तुझं नाव आलंय आणि मला पुढचं बटण दाबवत नाहीये. म्हणून कागद ओढून तुला लिहायला बसलो. भर दुपार आहे. लाईट आहे, पण कधी जाईल सांगता येत नाही. अर्ध्यात गेली तर जुनं जाईल आणि नवीनही बसणार नाही. अशा वेळी लिहीत काय बसलोय मी!

तुझ्या कॉम्प्युटरवर विंडोज ९५ टाकतोय. हौस म्हणून नाही रे. तू गेल्यापासून मी याच्यावर कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट टाइप करून देतो. आता ती पोरं नवीन विंडोजवर केलेल्या फायली आणतात आणि त्या आपल्याकडे उघडतच नाहीत. मग फ्लॉपी खिशात घालून स्टँडसमोरच्या सेंटरला जातात. सगळी अशीच गेली तर? माझ्यासारख्या बारावीत राहिलेल्याला दुसरीकडे कोण उभं करणार आहे?

सकाळी वायरमनच्या घरी जाऊन विचारून आलो, आज लाईट टिकेल ना? "मला काय इचारतोस गड्या, मीच कंदील पुसून ठेवलाय," म्हणाला. तू असतास तर हसला असतास. तू कशाला घाबरायचास? कॉम्प्युटर नीट बंद न करता सरळ भिंतीवरचं बटण पाडून उठायचास. मी ओरडलो की म्हणायचास, "काय होत न्हाई रं." कावीळ झाली तेव्हाही हेच म्हणालास. का म्हणालास? एकदा तरी घाबरायचं होतंस!

आईला पटवणं सगळ्यात अवघड गेलं.

"वरीस व्हायच्या आत घरात नवं कायबी आणायचं न्हाई."

"आई, नवीन काही नाही गं. डबा दादाचाच. फक्त आतलं बदलायचं."

"आतलं बदलल्यावर त्यो त्याचा कसा ऱ्हाईल रं?"

मग तिनंच विचारलं, "जुन्या वाकळंला वरनं नवं लुगडं लावतो, तसं हाय व्हय?" खरं तर बरोबर उलटं आहे, पण मी हो म्हणालो.

जास्तीची मेमरी बसवायला डबा उघडला, तर आतल्या पंख्यावर अजून हळद! सांगलीच्या तुझ्या शेठजींनी जुना म्हणून दिला आणि तू टेम्पोतून हळदीच्या पोत्यांवर ठेवून आणलास, तेव्हाची. आबा तेव्हा तुला म्हणाले होते, "हळद लागूनच आलाय की! आता ह्याला बी नवरी बगा आन् तुला बी." तू किती लाजला होतास!

आज सगळं सुरळीत चाललं होतं. एकेक फ्लॉपी मागत होता, मी देत होतो. मग त्यानं नाव विचारलं, आणि रकान्यात आधीच तुझं नाव. जुन्यातलं उचलून आणलेलं. ठेवू की माझं घालू? मी आई-आबांना हाक मारली.

आबा म्हणाले, "रेशनकार्डावरनं काडलं, बँकेतनं काडलं, तलाठ्याकडं जाऊन काडलं. आता ह्या डब्यातनं बी काडायचं व्हय? ऱ्हाऊ दे." आणि बाहेर जाऊन बसले. मलाही तेच हवं होतं. मी बटणाकडे हात नेला.

"थांब," आई म्हणाली. "पोरं येत्यात. उघडल्या उघडल्या नाव बघत्यात. ह्यो कोन, म्हणून इचारत्यात. तू सांगतोस. मग दुसरं येतंय, त्याला बी सांगतोस. मी आत भाकरी थापता थापता रोज ऐकतीया."

दादा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं रे.

"राबतोस तू. तुजं घाल," म्हणाली आणि आत गेली.

तेव्हापासून बसलोय. तुला विचारावं म्हटलं, पण तू काय म्हणणार? "घाल की रं, काय होत न्हाई."

पुसलं. एकदम नाही पुसवलं, मागून एकेक अक्षर. शेवटी नुसता 'व्ही' उरला, तिथे बराच वेळ थांबलो, मग तोही पुसून माझं घातलं.

आता कुठलंच पोरगं विचारणार नाही, हा कोण म्हणून. म्हणून शब्द देतो, न विचारता मीच सांगेन, हा कॉम्प्युटर कुणी आणला ते. पण अंगणात नेऊन, आईला ऐकू जाणार नाही असं. आणि पंख्यावरची हळद पुसणार नाही. मी सगळं पुसत बसतो, तुला ठाऊक आहे. ती नाही पुसणार.

तुझा धाकटा,
सुभाष

ता. क. मध्येच लाईट मिचमिचली. आई देवघरात जायचं सोडून मीटरपुढे हात जोडून उभी राहिली. कॉम्प्युटर चालू झालाय, दादा.